ट्यूक्सबरीहून स्ट्रॅटफर्डला, एव्हनच्या प्रवाहाविरुद्ध

इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या नद्या अनेक आहेत. मी ज्या नदीविषयी लिहितो आहे, ती नॉर्दॅम्प्टनशरमधील नेझबीजवळ उगम पावून वॉरिक, स्ट्रॅटफर्ड, ईव्हशम आणि पर्शोर या गावांवरून वाहत ट्यूक्सबरीला सेव्हर्न नदीला मिळते. शेक्सपिअरच्या गावची एव्हन ती हीच. ट्यूक्सबरीपासून स्ट्रॅटफर्डपर्यंत आज तिच्यातून नावेने जाता येते, आणि काठावरून पाहणाऱ्याला ती पूर्वापार तशीच असावी असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. जागोजागी बंधारे घालून पाणी अडवलेले आणि बंधाऱ्यांना वळसा घालून जाता यावे म्हणून शेजारी लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या खोल्या, बांधलेल्या, अशी ही नदी आहे. ट्यूक्सबरीचे लॉक धरून एकूण सतरा लॉक ओलांडल्यावर नाव स्ट्रॅटफर्डच्या घाटाला लागते. विसाव्या शतकाच्या मध्याला यांपैकी कित्येक लॉक मोडून पडली होती, वरच्या निम्म्या भागात तर त्यांचा मागमूसही जवळपास उरला नव्हता, आणि १९५० ते १९७४ या काळात सर्वसामान्य माणसांनी देणग्या गोळा करून व स्वतः चिखलात उतरून ती पुन्हा उभी केली. गेल्या ऑगस्टमध्ये मी, माझी पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ अशा तिघांनी एक नॅरोबोट भाड्याने घेऊन हा मार्ग प्रवाहाविरुद्ध पार केला. नदी नाव्य असते याचा अर्थ काय, हे मला त्या प्रवासात हातांनी काम करून कळले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नॅरोबोट ही इंग्लंडच्या कालव्यांच्या मापाने घडलेली नाव आहे. तिची रुंदी जेमतेम दोन मीटर, लांबी मात्र वीस मीटरच्याही पुढे जाऊ शकते. आमची त्याहून थोडी आखूड होती. चालवणारा मागच्या टोकाला उभा राहतो आणि सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नावेचे नाक उजवीकडे वळते. कालव्यावर एवढे ज्ञान पुरते, कारण तिथले पाणी जवळजवळ स्थिर असते. नदीवर तसे चालत नाही, हे नाव ताब्यात देणाऱ्या कर्मचाऱ्याने पहिल्याच पाच मिनिटांत आमच्या मनावर बिंबवले. त्याने आम्हाला नांगर दाखवला, त्याची साखळी नावेला घट्ट जोडलेली आहे याची आमच्याकडूनच खात्री करून घेतली, आणि इंजिन बंद पडले तर बंधाऱ्याकडे वाहत जाण्यापूर्वी तो कोणत्या बाजूने टाकायचा हे प्रत्यक्ष करून घेतले. जीवरक्षक जाकिटे प्रत्येकाच्या मापाने घट्ट करून दिली. परवान्याची बाबही त्यानेच समजावली. इंग्लंडमधील बहुतेक कालवे आणि कित्येक नद्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या मोठ्या संस्थेकडे आहेत, परंतु एव्हनचा हा मार्ग एव्हन नॅव्हिगेशन ट्रस्ट या स्वतंत्र धर्मादाय संस्थेच्या ताब्यात आहे, आणि इथे नाव आणायची तर तिचा वेगळा परवाना लागतो. खालच्या (ईव्हशमपर्यंतच्या) आणि वरच्या (त्यापुढच्या) एव्हनची पुनर्बांधणी करणाऱ्या दोन संस्था २०१० मध्ये एकत्र येऊन ही संस्था झाली. आमच्या नावेचा परवाना भाड्यातच धरलेला होता. तरी ते पैसे कुठे जातात हे त्याने सांगितले, हे मला आवडले.

ट्यूक्सबरीच्या लॉकवर रक्षक असतो आणि तोच नावा सेव्हर्नमधून एव्हनमध्ये घेतो. आम्ही त्याच्या वरच्या अंगाला निघालो असल्याने ते लॉक आम्हाला लागले नाही. पुढे मात्र लॉक ज्याचे त्यानेच चालवायचे. गाव मागे पडल्यावर दोन्ही काठांना विलोची झाडे आणि ओली कुरणे सुरू झाली. थोड्या वेळाने एम फाइव्ह या महामार्गाचा प्रचंड पूल डोक्यावरून गेला. वरून गाड्या सुसाट जात होत्या आणि आम्ही खालून चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होतो. काठांवर गुलाबी फुलांचे उंच ताटवे दिसू लागले, तेव्हा पत्नी म्हणाली, "अरे, हा तर तेरडा!" तो खरोखरच तेरड्याचा भाऊबंद आहे. हिमालयातील ही जात १८३९ मध्ये बागेसाठी म्हणून इंग्लंडमध्ये आणली गेली, आणि तिची बोंडे फुटून दूरवर उडणारे बी पाण्याबरोबर पसरत गेल्याने आज इथल्या नदीकाठांवर ती मोठा उपद्रव मानली जाते. हिवाळ्यात ती मरून जाते व काठ उघडे पडतात, मग पुरात माती धुपते आणि तो गाळ शेवटी नावांच्याच वाटेत येऊन बसतो. फुले सुंदर होती, यात शंका नाही. पण एवढे कळल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

स्ट्रेन्शमला पहिले लॉक आले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी किंवा काँक्रीटची अरुंद खोली. आत पाणी भरले की नाव वर जाते, सोडले की खाली येते. तत्त्व इतके सोपे आहे की शाळेतल्या मुलालाही एका चित्रात समजते. करताना मात्र प्रत्येक पायरीला क्रम असतो आणि तो मोडून चालत नाही. आम्ही खालच्या धक्क्याला नाव लावली, मेहुणा आणि पत्नी वर चढले, आणि मी उघड्या दरवाज्यांतून नाव आत घेतली. पुढचा आणि मागचा असे दोन दोर वरच्या लोखंडी खुंटांभोवती एक वेढा देऊन परत नावेवर आणले. दोर बांधून टाकायचा नसतो. पाणी चढेल तसा तो ओढून घेत राहायचा असतो. मग खालचे दरवाजे मिटले. प्रत्येक दरवाज्याला लाकडाची लांबलचक तुळई असते. तिला पाठ लावून, पायाखालच्या विटांच्या कडांवर टाचा रोवून मागे रेलायचे. आधी काहीच होत नाही, आणि मग कित्येक टनांचे ते ओझे अगदी सावकाश हलू लागते.

यानंतरचे काम नाजूक. दरवाज्यांना पाण्याखाली झडपा असतात आणि त्या वर उचलण्यासाठी दरवाज्यावर दातेरी पट्टीची यंत्रणा असते. तिच्या चौकोनी दांड्यावर विंडलास नावाचे वाकडे लोखंडी हँडल बसवून ते फिरवायचे. फिरवताना खिटी एकेका दातावरून टक टक करत पुढे सरकते, आणि ती दातात बसली आहे याची खात्री झाल्याशिवाय हँडलवरचा हात काढायचा नाही. नाहीतर झडपेच्या वजनाने हँडल गरगर उलटे फिरून हात मोडू शकते. काम झाले की हँडल दांड्यावर ठेवायचे नाही, ते काढून हातात घ्यायचे. वरच्या दरवाज्यांच्या झडपा एकदम उघडल्या, तर पाण्याचा लोंढा थेट नावेच्या नाकावर येतो. एव्हनची लॉक चार मीटरहून थोडी रुंद आहेत, आमची नाव दोन मीटरची. म्हणजे तिला भिंतीवरून भिंतीवर आदळायला पुरेशी जागा होती. म्हणून झडप चार-पाच दातच उचलायची, थांबायचे, नाव स्थिर आहे ना हे पाहायचे, आणि मग पुढे. "भाऊजी, दोर आवळत राहा, पण खुंटाभोवती अडकू देऊ नका!" असे मेहुणा वरून ओरडला, आणि पाण्याच्या गर्जनेत मला त्यातले निम्मेच ऐकू आले. लॉक भरले की आवाज हळूहळू शमतो, वरच्या दरवाज्यांच्या दोन्ही अंगांचे पाणी एका पातळीत येते, आणि मघाशी कितीही जोर लावला तरी न हलणारा दरवाजा आता माणसाच्या पाठीने उघडतो. पातळीत बोटभर फरक असला तरी तो उघडत नाही. नदीशी घाई करता येत नाही, हे प्रत्येक लॉकवर नव्याने शिकावे लागते.

ब्रीडन टेकडीला नदी मोठा वळसा घालते, त्यामुळे तीच टेकडी कधी उजवीकडे, कधी समोर तर कधी चक्क पाठीमागे दिसत राहते. नॅफर्डला लॉकवर आडवा फिरता पूल आहे. तो बाजूला फिरवल्याखेरीज नाव जाऊ शकत नाही, आणि काम झाल्यावर पायी जाणाऱ्यांसाठी तो पूर्ववत करावा लागतो. पर्शोरला जुन्या दगडी पुलाखालून गेलो. १६४४ मध्ये यादवी युद्धात माघार घेणाऱ्या राजाच्या सैन्याने हा पूल पाडायला घेतला, तेव्हा तो अकाली कोसळून अनेक माणसे नदीत बुडाली, असा इतिहास आहे.

लॉकची संख्या आणि त्यांची ठिकाणे यांमागे एक जुना संघर्ष आहे, तो इथे सांगायला हवा. नदीतून नावा जाव्यात म्हणून बंधारे घातलेले नव्हते. ते गिरण्यांचे होते. पाणचक्की फिरवायला पाण्याची उंची लागते, म्हणून गिरणीवाल्यांनी मध्ययुगापासून नदी अडवली होती. नाव जाऊ द्यायची तर बंधाऱ्याच्या एका फटीतला दरवाजा उघडायचा, साठलेले पाणी लोंढ्यासारखे सोडायचे, उतरणाऱ्या नावेने त्या लोंढ्यावर स्वार व्हायचे आणि चढणाऱ्या नावेला दोरांनी ओढून वर घ्यायचे, अशी पद्धत होती. तिच्यात जीव धोक्यात येत असे आणि गिरणीवाल्याचे पाणीही वाया जाई, त्यामुळे भांडणे ठरलेलीच. फ्लॅडबरीच्या विल्यम सँडिस यांनी १६३६ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाकडून परवानगी मिळवून ही नदी नाव्य करण्याचे काम हाती घेतले, आणि पुढील काही वर्षांत नावा स्ट्रॅटफर्डच्या दिशेने जाऊ लागल्या. कोळसा वर जाई, धान्य खाली येई. जुन्या एकदरवाजी पद्धतीचे अवशेष या नदीवर आश्चर्यकारकरीत्या टिकले. पर्शोर आणि क्रॉपथॉर्न येथील असे दरवाजे विसाव्या शतकातही नावांना ओलांडावे लागत.

वायर येथील लॉक मी या प्रवासात सर्वांत जास्त वेळ पाहिले. ते आयताकृती नाही, शंकरपाळ्याच्या आकाराचे आहे: मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते. आत गेल्यावर नाव कुठल्या भिंतीला लावावी हाच प्रश्न पडतो, कारण कोणतीच भिंत तिला समांतर नसते. तिथल्या गिरणीशेजारी ट्रस्टची कार्यशाळा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा एक वयस्कर स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून तुळईचे टोक पांढरे रंगवत होते. तुळया काळ्या आणि टोके पांढरी का असतात, असे मी विचारले. रात्री किंवा धुक्यात ती दिसावीत म्हणून, असे त्यांनी सांगितले, आणि मग बोलता बोलता दरवाज्यांचे अर्थशास्त्र समजावले. ओकच्या दरवाज्याचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे असते. प्रत्येक लॉकला वरचे आणि खालचे असे दोन संच लागतात. सतरा लॉकचा हिशेब मांडला, तर दरवर्षी कुठेतरी दरवाजे बदलण्याचे काम निघालेच पाहिजे. एखाद्या वर्षी ते टळले, तर पुढच्या वर्षी दुप्पट होऊन समोर येते. त्याशिवाय गाळ काढणे, पुरात वाहून आलेली झाडे ओढून काढणे, धक्के दुरुस्त करणे ही कामे वेगळीच. हे सारे परवान्यांच्या शुल्कातून, देणग्यांतून आणि आपल्यासारख्यांच्या रविवारांतून चालते, असे ते म्हणाले. त्यांनी ब्रश खाली ठेवून आम्हाला दरवाजा ढकलायला मदत केली आणि पुन्हा जाऊन रंगवायला बसले. मी अनेक स्मारके पाहिली आहेत. पण देखभाल हेच ज्याचे जतन आहे अशी वास्तू इतक्या जवळून पाहण्याचा योग मला क्वचितच आला.

फ्लॅडबरीची गिरणी आणि तिथला रुंद बंधारा ओलांडून आम्ही चॅडबरीला आलो. या लॉकला पुनरुज्जीवनाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. रेल्वे आल्यावर नदीवरील मालवाहतूक घटली. वरचा भाग रेल्वे कंपनीच्या हाती गेला आणि १८७० च्या दशकात देखभालीअभावी सोडून दिला गेला. खालचा भाग कसाबसा तग धरून होता, पण दुसऱ्या महायुद्धानंतर पर्शोरच्या वर नाव जाण्यासारखी स्थिती राहिली नव्हती. तेव्हा मिडलंड्समधील एक उद्योजक, डग्लस बार्वेल, यांनी पुढाकार घेतला आणि १९५० मध्ये लोअर एव्हन नॅव्हिगेशन ट्रस्ट स्थापन झाला. चॅडबरीचे मोडके लॉक पुन्हा बांधण्यासाठी ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या अभियंता दलाच्या तुकडीने साहाय्य केले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत नावा पुन्हा ईव्हशमपर्यंत पोहोचल्या. आज चॅडबरीला थांबलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. दिसतात ते स्वच्छ दरवाजे, गवत कापलेला काठ आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणारी दुसरी नाव. हे न दिसणे मला यशाचेच लक्षण वाटते.

ईव्हशमच्या थोडे अलीकडे हॅम्प्टनची तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, आहे. नदीवर आडव्या ताणलेल्या दोरावर हाताने ओढून ती चालवतात, त्यामुळे नावेने येणाऱ्याने भोंगा वाजवायचा, तरवाला दोर पाण्यात खाली सोडेल तोवर थांबायचे आणि मग पुढे जायचे. आम्ही भोंगा वाजवला, तरवाल्याने हात केला, आणि दोर डोळ्यांदेखत पाण्याखाली गेला.

ईव्हशमला आम्हाला पावसाने गाठले. रात्रभर पडणारा पाऊस नुसता गावावर नव्हता, वर वॉरिकशरभर होता, आणि तिथली चिकणमाती पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे ही नदी चढते ती फार लवकर. लॉकच्या खालच्या अंगाला पातळी दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या असतात: हिरवी असेपर्यंत निर्धास्त, पिवळी लागली की सावध, आणि पाणी लाल पट्टीला टेकले की नाव हलवायची नाही. सकाळी आम्ही पाहिले तेव्हा हिरवी पट्टी पूर्ण बुडाली होती आणि दुपारपर्यंत पाणी लाल रंगात शिरले. पुढचा सगळा कार्यक्रम रद्द करून आम्ही तिथेच थांबलो. चढत्या नदीवर बांधलेली नाव एकटी सोडता येत नाही. दोर ताठ राहिला तर पाणी चढताना तो नावेची एक बाजू खाली ओढून धरतो; फार सैल सोडला तर पाणी काठावर चढल्यावर नाव काठावर जाऊन बसते आणि पाणी उतरले की तिथेच राहते. म्हणून आम्ही तिघांनी रात्री पाळ्या लावल्या. मी काठाच्या मातीत पाण्याच्या रेषेवर एक काटकी खोचली आणि विजेरीच्या उजेडात तिच्याकडे पाहत बसलो. अर्ध्या तासाने ती काटकी पाण्यात होती. मी दुसरी, वितभर वर खोचली, दोर थोडा सोडला, आणि पुन्हा बसलो. मध्यरात्रीनंतर तिसऱ्या काटकीपाशी पाणी बराच वेळ थबकले, तेव्हा पत्नीला उठवून मी झोपायला गेलो.

जुलै २००७ मध्ये याच खोऱ्यात आलेल्या महापुराची छायाचित्रे मी पूर्वी पाहिली होती. ट्यूक्सबरीचे भव्य मठमंदिर चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले आणि मधोमध बेटासारखे उभे, असे ते हवाई चित्र इंग्लंडमध्ये फार गाजले. नदीला कालव्याचे रूप दिले म्हणजे ती कालवा होत नाही, ही गोष्ट त्या रात्री मला पूर्ण पटली. बंधारे आणि लॉक ही व्यवस्था नदीच्या सामान्य दिवसांसाठी आहे. पुराच्या दिवशी ती सगळी पाण्याखाली जाते आणि नदी तिच्या जुन्या वाटेने वाहते. अशा वेळी नावाड्याने करण्यासारखे काम एकच, थांबणे. त्याचबरोबर हेही लिहायला हवे की थांबण्यासाठी बांधलेला भक्कम धक्का, वाचता येईल अशी पट्टी आणि स्पष्ट सूचना या तिन्ही गोष्टी तिथे होत्या, आणि त्या कोणीतरी सांभाळलेल्या होत्या.

पाणी उतरून पट्टी पुन्हा हिरवी झाल्यावर आम्ही वरच्या एव्हनमध्ये शिरलो. इथली लॉक पाहताच फरक जाणवतो. खालच्या भागात जुन्या लॉकची दुरुस्ती झाली. वरच्या भागात दुरुस्त करण्यासारखे फारसे शिल्लकच नव्हते, त्यामुळे नऊ लॉक जवळजवळ नव्याने बांधावी लागली. त्यांना नावे आहेत ती देणगीदारांची आणि या चळवळीतील माणसांची: जॉर्ज बिलिंग्टन लॉक, रॉबर्ट एकमन लॉक, डब्ल्यू. ए. कॅडबरी लॉक, कॉलिन पी. विटर लॉक. एकमन हे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनचे एक संस्थापक. ब्रिटनचे जलमार्ग वाचवण्याच्या चळवळीला त्या संस्थेने आकार दिला, आणि एक लॉक खुद्द त्या संस्थेच्याही नावाने आहे.

वरच्या एव्हनच्या कामाचे नेतृत्व डेव्हिड हचिंग्ज यांनी केले. त्याआधी स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग त्यांनी स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातील कैदी यांच्या श्रमांतून पुन्हा सुरू करून दाखवला होता, आणि १९६४ मध्ये राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते तो खुला झाला होता. तो कालवा स्ट्रॅटफर्डला नदीशी येऊन थांबतो. नदी बंद असेल तर तो आंधळी गल्ली ठरतो. म्हणून १९६५ मध्ये अप्पर एव्हन नॅव्हिगेशन ट्रस्ट उभा राहिला, आणि १ जून १९७४ रोजी राजमातांनीच वरच्या नदीचेही उद्घाटन केले. सुमारे शंभर वर्षांनी नावा पुन्हा त्या पाण्यात आल्या, परंतु त्या कोळशाच्या नव्हत्या. सुट्टीवर आलेली कुटुंबे, वल्ही मारणारे तरुण, आणि नावेलाच घर मानणारी माणसे यांच्यासाठी ही नदी उघडली गेली. खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून आला, हे त्या लॉकवरची नावे वाचत जाताना आपोआप लक्षात राहते. मला हा सन्मान योग्य वाटतो. देणगीदाराचे नाव सभागृहाच्या भिंतीवर असते तेव्हा ते नुसते वाचले जाते. इथे त्याच्या नावाच्या दरवाज्याला पाठ लावून तो ढकलावा लागतो.

बिडफर्डचा पूल मध्ययुगीन आहे, कमानी लहानमोठ्या आहेत आणि नावेने जाण्याची कमान खुणेने दाखवलेली आहे. पुरानंतरचा प्रवाह अजून जोरात होता. पुलाच्या तोंडाशी वेग कमी करण्याची स्वाभाविक इच्छा होते, पण पाण्याच्या तुलनेत नाव पुरेशी वेगाने चालत नसेल तर सुकाणूला पकड मिळत नाही, म्हणून इंजिनाचा जोर वाढवूनच कमानीत शिरावे लागते. दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दगड आणि समोरून येणारे फेसाळ पाणी, असे ते अर्धे मिनिट होते. पुढे वेलफर्ड आणि लडिंग्टन ही गावे शांतपणे मागे पडली. नदी इथे अरुंद होत जाते, विलोच्या फांद्या नावेच्या टपावर घासतात, आणि खंड्या पक्षी निळ्या रेघेसारखा पुढे पुढे उडत राहतो.

स्ट्रॅटफर्डचे शेवटचे लॉक पवित्र त्रयीच्या चर्चच्या जवळ आहे, जिथे शेक्सपिअरची समाधी आहे. या लॉकच्या डोक्यावर पोलादी चौकटी आडव्या बसवलेल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या जमिनीचा दाब भिंतींवर येऊन त्या आत कलू नयेत म्हणून केलेली ही योजना आहे, आणि भरलेल्या लॉकमध्ये तिच्याखाली उभे राहिले की बांधकाम करणाऱ्यांनी जमिनीशी केवढा झगडा केला असेल ते समजते. ते ओलांडून नाट्यगृहासमोरून नाव नेली, आणि काठावरच्या पर्यटकांच्या गर्दीसमोर कालव्याचे रुंद लॉक चढून बॅनक्रॉफ्ट बेसिनमध्ये बांधली. इथून कालव्याने उत्तरेला जाऊन, वूस्टरमार्गे सेव्हर्नने उतरत पुन्हा ट्यूक्सबरीला येता येते. या मोठ्या फेरीत शंभराहून अधिक लॉक लागतात. आमच्याकडे तेवढी सुट्टी नव्हती, म्हणून आल्या वाटेनेच परतलो. उतरताना प्रवाह सोबत असतो, पण काळजी वेगळी असते: वरच्या दरवाज्याच्या आतल्या अंगाला पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, आणि पाणी उतरताना नावेची शेपटी त्याच्यावर टेकली तर नाव तिरपी होऊन बुडू शकते. लॉकच्या भिंतीवर पांढऱ्या रेघेने ती जागा दाखवलेली असते. त्या रेघेवरून नजर न हलवणे एवढेच काम उतरताना एका माणसाला दिलेले होते.

परतीपूर्वी आम्ही स्ट्रॅटफर्डहून वरच्या काठाने ऑल्व्हस्टनच्या दिशेने चालत गेलो. तिथल्या बंधाऱ्याशी नावांचा मार्ग संपतो. त्याच्यापुढे वॉरिकपर्यंत नदी नाव्य करून ती तिथल्या ग्रँड युनियन कालव्याला जोडावी, ही कल्पना कित्येक दशके मांडली जात आहे आणि तितकीच वर्षे तिला विरोधही होत आहे. समर्थकांचे म्हणणे मला समजते, कारण त्यांनी याच नदीवर अशक्य वाटणारे काम होताना पाहिले आहे. परंतु विरोध करणाऱ्यांनाही मी चुकीचे म्हणू शकत नाही. बंधाऱ्याच्या वर नदी उथळ खडखडाटाने वाहते, काठ कोणी छाटलेले नाहीत, गाळ कोणी उपसलेला नाही, आणि तिथे जे जीव राहतात त्यांना नावांची गरज नाही. खालच्या नदीवर बंधारे शेकडो वर्षांपूर्वीच झाले होते. तिथे लॉक बांधणे म्हणजे मोडलेली व्यवस्था पुन्हा चालू करणे होते. वर मात्र बरेचसे नवे बांधावे लागेल. ही योजना पुन्हा पुढे आली आणि माझ्यासारख्या पाहुण्याचे मत कोणी विचारलेच, तर मी आधी एवढेच मागेन की नव्या लॉकच्या बांधकामाचा आकडा ज्या कागदावर असेल, त्याच कागदावर त्यांच्या दरवाज्यांचा पंचवीस वर्षांनंतरचा खर्च आणि तो देणाऱ्याचे नावही लिहिलेले असावे.